गुगलवर वर यायचंय? मग आधी मोंढ्यात जाऊन बसा

मराठवाड्यातली जी पोरं, ज्या ताई मराठीत ब्लॉग लिहितात त्यांना मी एकच गोष्ट सारखी सांगत असतो, आज ती बैजवार लिहूनच काढतो. गुगलवर मराठीत जागा रिकामी पडलीय, लई रिकामी, आणि ती भरायला महागडं टूल लागत नाही की कुठला कोर्स लागत नाही, आपल्या भागातली माणसं काय विचारायलेत ते कान देऊन ऐकावं लागतं आणि त्याचं उत्तर स्वतः बघून, चार जणांना विचारून, खात्री करून लिहावं लागतं. बाकी एसईओ म्हणून, म्हणजे गुगलवर वर यायच्या युक्त्या म्हणून, जे शिकवतात त्यातलं थोडं खरंच कामाचं आहे, ते पण खाली सांगतो, पण त्याचा नंबर दुसरा.

एक करून बघा. मोबाईलवर सोयाबीनबद्दल एखादा साधा प्रश्न मराठीत टाका आणि वरच्या चार-पाच लिंक उघडा. बहुतेक ठिकाणी सुरुवात "सोयाबीन हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे तेलबिया पीक आहे" इथून होते. अहो, ज्यानं सर्च केलंय त्याच्या घरात सोयाबीनचे कट्टे रचून ठेवलेत, त्याला हे कशाला सांगता? मग दोन जाहिराती, मग "चला तर मग जाणून घेऊया", मग परत जाहिरात, आणि ज्याच्यासाठी माणूस आला होता ते उत्तर एकदम तळाला एका ओळीत, कधी कधी तर नाहीच. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उचललं, तिसऱ्यानं शब्द फिरवले. वाचणाऱ्याचा वेळ जातो आणि मराठीत काही मिळतच नाही असं त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मला ह्याचाच जास्त त्रास होतो.

आता मोंढ्याचं, म्हणजे आपल्याकडच्या धान्याच्या बाजाराचं सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लातूर म्हणा, उदगीर म्हणा, कुठल्याही हमीभाव खरेदी केंद्रावर अर्धा दिवस काढा. बाहेर ट्रॅक्टरची, टेम्पोची रांग, आत कट्ट्यांच्या थप्प्या, आणि टेबलावर ते ओलावा मोजायचं छोटं मशीन. केंद्रावरचा पोरगा कट्ट्यातनं मूठभर दाणे काढतो, मशीनमध्ये टाकतो, आणि स्क्रीनवर आकडा येईपर्यंत आजूबाजूच्या सगळ्यांच्या माना तिकडं वळलेल्या असतात. १२ च्या आत आला की माप. १३ नाहीतर १४ दाखवलं की माणूस गपकन बाजूला होतो, मग तिथंच ताडपत्री टाकून माल वाळत घालायचा नाहीतर गाडीभाडं अंगावर घेऊन परत न्यायचा. त्या वेळी रांगेत काय बोलणं चालतं ते ऐका. "सकाळच्या दवात मोजलं तर जास्त येतंय का ओ?" "घरी मोजता येतंय का काही करून?" "मागं १५ टक्क्यांपर्यंत घेणार म्हणले होते, ते यंदा बी आहे का?" "आडतीवर घातलं तर ओलाव्याचे किती कापतेत?"

हे जे प्रश्न आहेत ना, हेच कीवर्ड, म्हणजे माणूस गुगलवर जे शब्द टाकतो ते. ह्यातला एकेक प्रश्न कोणीतरी त्याच संध्याकाळी घरी जाऊन मोबाईलवर टाकणार आहे, बोलून नाहीतर टाईप करून, आणि तुम्ही तो प्रश्न त्याच्या तोंडून ऐकलाय. कीवर्ड टूलमध्ये असल्या प्रश्नांपुढं बऱ्याचदा शून्य दाखवतात म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका. शून्य दाखवलं म्हणजे कोणी विचारतच नाही असं नसतं, टूलकडं तेवढा डेटा नसतो इतकाच त्याचा अर्थ.

मग पोस्ट कशी लिहायची, तर हेडिंग सरळ तोच प्रश्न, "सोयाबीन हमीभाव केंद्रावर ओलावा किती टक्के चालतो?" आणि पहिल्याच ओळीत उत्तर, १२ टक्के. त्याच्या खाली लगेच, २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, ती सवलत त्या हंगामापुरती होती, त्यामुळं यंदाचा आदेश बघूनच माल न्या. मग भाव, २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. मग तुम्ही तिथं उभं राहून काढलेला मशीनचा फोटो, आणि सकाळी-दुपारी मोजलेल्यात फरक पडतो का ह्याबद्दल तिथल्या माणसांनी काय सांगितलं ते. झाली पोस्ट. ५०० शब्दांत झाली तर ५०० शब्दांत झाली. किमान दोन हजार शब्द पाहिजेत, तरच रँक होतं असं कोणी सांगत असेल तर गुगलनं स्वतः स्पष्ट सांगितलंय की शब्दसंख्येचा असला काही नियम नाही. उत्तर पहिल्या ओळीत दिलं तर माणूस पुढं वाचणार नाही अशी भीती बऱ्याच जणांना असते, मला उलटा अनुभव आहे, पहिल्या ओळीत खरं उत्तर मिळालं की त्याचा विश्वास बसतो आणि मग तो भाव, कागदपत्रं, नोंदणी हे सगळं तुमच्याच पोस्टमध्ये शोधतो.

आणि हो, ह्या पोस्टच्या लिंकमध्ये वर्ष घालू नका. हेडिंगमध्ये घाला, आत घाला, लिंकमध्ये नको. पुढच्या हंगामात तीच पोस्ट उघडायची, भाव बदलायचा, नवा आदेश आला असेल तर तो टाकायचा, आणि मगच तारीख बदलायची. दरवर्षी त्याच विषयाची नवी पोस्ट काढली की तुमच्याच पोस्टी एकमेकींशी भांडत बसतात आणि जुन्या लिंकला मिळालेलं वजन वाया जातं. आतलं काहीच न बदलता नुसती तारीख पुढं ढकलायची पद्धत लई पसरलीय, त्यानं गुगल काही फसत नाही, आणि वाचणारा तर एकदा फसला की परत येत नाही.

गुगलचं स्वतःचं वळण पण गेल्या काही वर्षांत ह्याच बाजूला गेलंय. २०११ ला पांडा नावाचं अपडेट आलं तेव्हापासून पोकळ, उचललेल्या मजकुराला मागं टाकायचं काम चालू आहे. ऑगस्ट २०२२ ला हेल्पफुल कंटेंट अपडेट आलं, मार्च २०२४ ला ते मुख्य रँकिंगमध्येच मिसळून टाकलं. मधे डिसेंबर २०२२ ला त्यांच्या क्वालिटी रेटर लोकांसाठीच्या, म्हणजे सर्चचे रिझल्ट तपासून बघणाऱ्या माणसांसाठीच्या नियमावलीत अनुभव हा मुद्दा नव्यानं घातला, म्हणजे लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केलीय का, बघितलीय का. आता हे रेटर कोणाचा रँक थेट वरखाली करत नाहीत, पण गुगलला कसले रिझल्ट चांगले वाटतात ते त्यातून कळतं. मोंढ्यातल्या मशीनसमोर उभं राहून काढलेला फोटो हा अनुभवच की, दिल्ली-नोएडात बसून लिहिणाऱ्याकडं तो कुठून येणार.

आता शब्दांचं. लातूर, धाराशिवकडं आणि शेजारच्या तालुक्यांत मार्गशीर्ष अमावास्येला रानात जेवण असतं, कडब्याची खोप म्हणजे छोटी झोपडी करतात, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आंबील, भज्जी, उंडे. घरात आपण त्याला येळवस म्हणतो. पेपरात वेळ अमावस्या येतं, कुठं वेळा अमावस्या, कुठं दर्शवेळा अमावस्या. पुण्यात नोकरी करणारी आपली पोरगी मोबाईलवर काय टाकेल? "येळवस कधी आहे", "येळवसची भज्जी कशी करतात" हेच टाकेल, कारण तिनं आईच्या तोंडून तेच ऐकलंय. आणि ज्याला आपल्याकडची काही माहिती नाही तो पेपरातला शब्द टाकेल. म्हणून हेडिंगमध्ये एक, पहिल्या परिच्छेदात दुसरा, बास. दहा वेळा उलटसुलट कोंबायची गरज नाही, कोंबलं तर गुगलच्या नियमात ते स्पॅममध्ये धरतात, आणि डिसेंबर २०१९ पासून मराठीसकट ७० च्या वर भाषांत गुगल बर्ट नावाचं तंत्र वापरतंय त्यामुळं आख्ख्या वाक्याचा अर्थ त्याला पूर्वीपेक्षा बराच कळतो. भज्जीची रेसिपी लिहिणाऱ्या ताईंना एक हात जोडून विनंती, "सर्व भाज्या घ्या" असं लिहू नका. तुरीचे ओले दाणे किती, हरभऱ्याचे किती, आंबट चुका कधी टाकायचा, ताकात बेसन कालवून कधी सोडायचं की गुठळी होणार नाही, हे लिहा. ह्यासाठीच माणूस सर्च करतो, आणि हे फक्त ज्या बाईनं पातेल्यासमोर उभं राहून केलंय तिलाच सांगता येतं.

गावांच्या नावांचं पण तसंच. २०२३ ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. तुमचं मत काही असो, सर्च करणारी माणसं दोन्ही नावं टाकतात, बाहेरून लेणी बघायला येणारा तर सवयीनं जुनंच टाकतो. परंडा किल्ल्यावर लिहिताय तर धाराशिव जिल्हा असं मुख्य ठेवा आणि एका वाक्यात आधीचं उस्मानाबाद येऊ द्या. नळदुर्गला, औशाला, तेरला जाणाऱ्याला इतिहास चार ठिकाणी मिळतो, त्याला पाहिजे असतं ते वेगळंच, एसटी कुठून मिळते, गाडी कुठं लावायची, उन्हाळ्यात किती वाजेपर्यंत फिरता येतं, आत प्यायचं पाणी मिळतं का, आई-वडिलांना पायऱ्या झेपतील का. एवढं लिहिलं की तुमची पोस्ट उरलेल्या पन्नास पोस्टींपेक्षा आपोआप वेगळी होते.

एक उदाहरण अजून, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पावसाळ्यात "सोयाबीन पिवळं पडतंय काय फवारू" असं लोक टाकतात. प्रश्न एक दिसतो पण त्याच्यामागं दोन वेगळी दुखणी आहेत. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात पाणी साचलं की लोह कमी पडतं, तेव्हा नवी कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात. आणि दुसरा पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीनं पसरणारा विषाणू, त्यात पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे येतात. पहिल्यात रानातलं पाणी काढून देणं आणि फेरस सल्फेटची फवारणी असा विचार असतो, दुसऱ्यात रोगट झाडं उपटून माशी आटोक्यात आणायची. आता नुसतं "ह्या औषधाची फवारणी करा" लिहिणारा ब्लॉग शेतकऱ्याचे पैसे वाया घालवतो. तुम्ही दोन्ही पानांचे जवळून फोटो शेजारी शेजारी ठेवा, फरक दोन ओळींत सांगा, आणि औषधाचं प्रमाण स्वतःच्या मनानं लिहू नका, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस बघून, तिचा हवाला देऊन लिहा. शेती, तब्येत, पैसा ह्या विषयांत गुगल जास्त कडक असतं आणि असायलाच पाहिजे, तुमच्या एका चुकीच्या आकड्यानं कोणाचं तरी एकरभर रान जाऊ शकतं.

आता तांत्रिक भाग, ह्यात जास्त रमू नका पण हे एवढं करा. आपल्याकडं डीटीपीवाल्यांकडं अजून श्रीलिपी, कृतिदेव असले जुने फॉन्ट चालतात. तिथून मजकूर कॉपी करून ब्लॉगवर टाकला की तो आत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ असतो, फक्त फॉन्टमुळं मराठी दिसतो, गुगलला त्यातला एक शब्द मराठी म्हणून वाचता येत नाही. युनिकोडमध्ये बदलून घ्या, कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण नंतर डोळ्यांखालून घाला कारण जोडाक्षरं बिघडतात. तसंच बॅनर. यात्रेचं वेळापत्रक, बाजारभावाचा तक्ता, योजनेची कागदपत्रं असं सगळं फोटोत टाकून वर "खालील फोटो पहा" लिहिणारे लई आहेत. फोटो ठेवा, पण तीच माहिती खाली टाईप करा.

लिंक मराठीत ठेवायची का रोमन अक्षरांत? गुगलला दोन्ही चालतात. फक्त मराठी लिंक कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकली की एकेका अक्षराचं, एकेका काना-मात्रेचं नऊ नऊ चिन्हांत रूपांतर होतं, एकट्या "सोयाबीन" शब्दाची ६३ चिन्हं होतात, आणि तसली लांबलचक लिंक बघून माणूस दाबायला घाबरतो. म्हणून मी लिंक छोटी आणि रोमन ठेवतो. आणि पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून लिहिली की काम झालं असं काही जण समजतात, गुगल भाषा ओळखायला त्या कोडकडं बघत नाही, पानावर दिसणारा मजकूर बघतं. अर्धं हिंदी अर्धं मराठी लिहिलं तर घोळ तुमचाच.

सर्च कन्सोल हे गुगलचं टूल मात्र आजच ब्लॉगला जोडा, फुकट आहे. त्यात १६ महिन्यांपर्यंतचा डेटा दिसतो, कोणत्या शब्दांवर तुमची पोस्ट दाखवली, किती जणांनी दाबली, सरासरी कितव्या नंबरवर होती. आठ ते वीस नंबरच्या मधे असलेले शब्द शोधा, तिथं मेहनतीला फळ लवकर येतं, कारण गुगलनं तुम्हाला आधीच ओळखलंय, फक्त उत्तर अपुरं पडतंय. माझ्या येळवसच्या पोस्टमध्ये लोक "खोप कशी करायची" टाकून येत होते आणि पोस्टमध्ये खोपीवर जेमतेम एक ओळ होती, मग वडिलांना विचारून कडब्याच्या किती पेंढ्या लागतात, तोंड कुठल्या दिशेला ठेवतात, आत काय मांडतात असा आख्खा परिच्छेद घातला, आणि ती पोस्ट त्या शब्दांवर वर आली. दाखवलं भरपूर जातंय पण कोणी दाबत नाही असं असेल तर हेडिंग बघा, बहुतेक वेळा ते इतकं सरधोपट असतं की आत उत्तर आहे हेच कळत नाही.

सर्च कन्सोलमध्ये "क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड", म्हणजे पान बघितलं पण गुगलच्या यादीत घेतलं नाही, असं दिसलं की नवीन पोरं एकदम खचतात. लातूरच्याच एका पोरानं विचारलं होतं, "दादा, रोज इंडेक्सची रिक्वेस्ट टाकायलोय, तरी येईना." रोज टाकून उपयोग नाही बाबा, एकाच लिंकची रिक्वेस्ट परत परत टाकल्यानं काही लवकर होत नाही. गुगलनं पान बघितलं आणि सध्या साठवायचं नाही ठरवलं, बऱ्याचदा त्याचं कारण हेच असतं की तसला मजकूर त्याच्याकडं आधीच ढिगानं आहे. त्याच्या त्या पोस्टी सगळ्या सरकारी योजनांच्या होत्या, शब्दाला शब्द बाकीच्यांसारख्या. मी त्याला म्हणलं, तुझ्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात ठिबकची फाईल जमा करताना नेमकं काय मागतात, कशावरून परत पाठवतात, ते चार शेतकऱ्यांना विचारून लिही.

बॅकलिंकचं, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या ब्लॉगला लिंक द्यायचं पॅकेज विकणाऱ्यांचे फोन येतात, घेऊ नका, २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून असल्या विकतच्या लिंकवर गुगलचा डोळा आहे. मेटा कीवर्डचा, म्हणजे पानाच्या कोडमध्ये कीवर्ड लिहायचा रकाना भरत बसू नका, गुगल रँकिंगला तो वापरत नाही हे त्यांनी २००९ लाच जाहीर केलंय. मशीनकडून दिवसाला वीस-वीस पोस्टी लिहून घ्यायच्या, नाहीतर हिंदी ब्लॉग ढिगानं मराठी करून टाकायचे, हे मार्च २०२४ पासून स्पष्टपणे स्पॅमच्या यादीत आहे. एआय वापरलं म्हणून कोणी शिक्षा करत नाही, शुद्धलेखन तपासा, मुद्दे लावून घ्या, पण मोंढ्यात ते तुमच्याऐवजी जाऊन उभं राहणार नाही.

फोटोंचं वजन कमी करा. मोबाईलचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो, तसाच चढवला तर रानात एका काडीचं नेटवर्क असलेल्या माणसासमोर पान उघडतच नाही. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसावी असं गुगलचं माप आहे, आणि आता ते तुमच्या साइटचं मोबाईलवरचंच रूप बघून रँक ठरवतं. जुन्या पोस्टींमधून नव्या पोस्टीला लिंक देताना "इथे क्लिक करा" लिहू नका, "सोयाबीनचा ओलावा घरी कसा बघायचा" असं पूर्ण लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला पण कळतं आणि गुगलला पण.

हे सगळं केल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी रँक बघत बसू नका. गुगलच सांगतं की काही बदल तासांत दिसतात आणि काहींना कित्येक महिने लागतात. तेवढ्या वेळात एकाच विषयाला धरून पुढचं लिहा. ओलाव्यावर लिहिलं असेल तर आता आडतीवरची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळणारी हिशोबाची पावती, कशी वाचायची त्यावर लिहा, हमाली, तोलाई, कपात कुठं कुठं लागते ते एका खऱ्या पट्टीवरून दाखवा, नाव आणि मोबाईल नंबर झाकून. तुरी यायच्या आत ती पोस्ट तयार पाहिजे.